पायी निघालो होतो

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की आमच्या चर्चच्या मंडळीतली पंधरा-वीस माणसं अमरावतीहून परतवाड्याला पायी जातात. वलगाव, आसेगाव पूर्णा, मग अचलपूर. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, मधे एक मुक्काम. आम्ही पदयात्रा म्हणतो, रस्त्यावरचे लोक वारीच म्हणतात. पाणी देतात, 'माउली' म्हणतात. ती हाक आम्हालाही आपलीच वाटते.

या वर्षी मी मनाशी ठरवूनच निघालो होतो, की नम्र राहायचं. सगळ्यांच्या मागून चालायचं, म्हाताऱ्यांच्या पिशव्या घ्यायच्या, जेवायला शेवटी बसायचं. तसा वागलोही. पण वलगाव येईस्तोवर लक्षात आलं की मी हिशोब ठेवतोय. दोन पिशव्या उचलल्या, तीनदा पाणी वाटलं, अजून कुणावर चिडलो नाही. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात पुढे उभा राहून आठवड्यातले दोन उपास देवाला मोजून दाखवणारा परूशी, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठ, मला लहानपणापासून पाठ आहे. त्याच दाखल्यातल्या, मागे उभं राहून दया मागणाऱ्या जकातदारासारखं मागे राहिलं की झालं, असं मी धरून चाललो होतो. मागे उभं राहूनही परूशी होता येतं, हे मला या रस्त्यावर कळलं.

वलगावला पेढी नदी लागते. गाडगेबाबांचं देहावसान इथलं, २० डिसेंबर १९५६ चं. पुलावर मी थोडा थांबलो. बाबांच्या हातातला खराटा आठवला. आधी गाव झाडायचं, मग कीर्तन. झाडलेल्या काड्यांचा हिशोब त्यांनी ठेवला असेल असं वाटत नाही.

पुढे सावलीसाठी धुऱ्यावर उतरलो. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, लांब एक पळस पेटला होता. तिथेच बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. ओढून काढला, पण टोक आत मोडलं. कुणाला बोललो नाही. आसेगावच्या मुक्कामाला रात्री टाच ठणकत होती, तरी मी सगळ्यांची अंथरुणं घालत फिरलो. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या देहातही काटा होता. तो निघावा म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर मिळालं. मी तर एकदाही विनवलं नव्हतं. देवालाही नाही, माणसालाही नाही.

सकाळी पाय टेकवेना. सामानाचा छोटा हत्ती मागून येत होता. त्यात गाद्या, भांडी आणि ज्यांना चालवत नाही अशी दोन-तीन माणसं. पाळक म्हणाले, "बसा दादा." मी नाही म्हणालो. अर्धा किलोमीटर रेटलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं थोडं, बाकी रागाचं. सहा वर्षं पुरा चाललो होतो, यंदा नाही.

गाडीत मागे एक आजी होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केलेल्या. त्यांनी माझी टाच सरळ मांडीवर ओढून घेतली, पदराची सेफ्टी पिन काढली, काडी पेटवून तिच्यावर धरली.

"आजी, पाय मळलाय. राहू द्या."

"मंग? मळलेलाच पाय देतेत लोक. धुतलेला कोन देते?"

वीतभर अंतरावरून मी त्यांची बोटं पाहत होतो. बोंडांची टोकं लागून लागून चिरलेली, चिरांत काळं बसलेलं. पिनेनं हळूहळू कोरत त्यांनी ते टोक वर आणलं. तिळाएवढं. ते मला दाखवलं, मग पुडीतली हळद दाबली. मी म्हणालो, "यंदा पायी पोचलो नाही, आजी."

"काऊन रडतं बापा? पायानं आला का चाकानं आला, तो थोडीच इचारून राह्यला? आन् म्या त पाच वर्सं झाले, गाडीतच येतो."

कवी ना. वा. टिळक एकदा नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. ते पुस्तक मागायला टिळक कुठे गेले नव्हते. बसल्या जागी हातात आलं. संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या, उत्तरेला मेळघाटाचे डोंगर दिसू लागले होते, आणि गाद्यांच्या ढिगावर पाय लांब करून मी हेच आठवत होतो. इतकी वर्षं मी कृपेबद्दल बोललो ते सगळं देणाऱ्याच्या जागी बसून. पिशवी घेणारा मी, पाणी देणारा मी. कुणाच्या मांडीवर पाय ठेवण्याची वेळच मी येऊ दिली नव्हती.

परतवाड्याला आम्ही चालणाऱ्यांच्या आधी पोचलो. चर्चच्या पायरीवर बसून त्यांची वाट पाहिली. संध्याकाळी प्रभुभोजन झालं. आजी माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी ओंजळ पुढे केली, मग मी केली. भाकरीचा तुकडा आला तेव्हा माझ्या हाताला अजून हळदीचा वास होता. गुडघ्यांवरून उठताना टाचेवर भार देता येईना. मी आजींचा हात मागितला.