गुळाचा वॉश शेवटी उतरला, आणि थंडीचा त्यात काही दोष नव्हता

उतरला मंडळी, उतरला! हायड्रोमीटरवर (साखर आंबत जाते तसा याचा आकडा उतरतो) १.०४२ ला हटून बसणारा तो गुळाचा वॉश, म्हणजे रमसाठी आंबवायला ठेवलेलं गुळाचं पाणी, काल सकाळी १.०१२ ला आला, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झडप) गप्प, वरचा फेस बसलेला, आणि आज दुपारी स्ट्रिपिंग रन, म्हणजे पहिलं कच्चं डिस्टिलेशन, तोसुद्धा झाला. घरभर काकवीचा वास सुटलाय. नवरा म्हणतो गॅरेजचं दार लाव, थंडी आत येते. मी म्हटलं दार उघडंच राहणार, अल्कोहोलची वाफ कोंडून ठेवायची नसते, तू जॅकेट घाल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पटकन: मी ऑकलंडला असते, न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं घरी डिस्टिल करायला कायद्याने परवानगी आहे, विकायचं मात्र नाही. महाराष्ट्रात हाच उद्योग दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे बसून वाचणाऱ्यांनी फक्त वाचा, प्लीज. साखरेचा वॉश, टी५०० या घरगुती स्टिलचा बॉइलर, वर तांब्याचा अलेंबिक डोम ही सगळी कथा आधी लिहून झालीय, परत सांगत नाही.

तर प्रॉब्लेम. साध्या साखरेचा वॉश ईसी-१११८ यीस्टवर सरळ खाली गेला होता. मग गुळाचा पहिला वॉश, तोही जरा रेंगाळला पण उतरला. रन झाल्यावर बॉइलरमध्ये जे काळं आंबट पाणी उरतं, म्हणजे डंडर, ते पुढच्या वॉशमध्ये घातलं की रमला खरी चव येते असं सगळेच सांगतात, म्हणून २० लिटरमध्ये साडेचार किलो गूळ आणि साधारण पाव हिस्सा डंडर असं लावलं. सुरुवात १.०७४. पहिले दोन दिवस नुसता धिंगाणा, झाकणापर्यंत फेस, आणि मग १.०४२ च्या आसपास येऊन फुल स्टॉप. परत लावलं, परत तिथेच. एखादा पॉइंट (०.००१) इकडेतिकडे.

पहिला संशय अर्थातच थंडीवर. जुलैमध्ये आमच्या गॅरेजमध्ये रात्री ११-१२ डिग्री होतात, यीस्ट बिचारं करणार काय. फर्मेंटरला हीट बेल्ट, त्यावर आईने पाठवलेली गोधडी, आणि आत २७ डिग्री एकदम स्थिर. हीट बेल्टबद्दल माझं मत सांगून टाकते: पट्टा फर्मेंटरच्या तळाशी बांधला की तिथला गाळ तापतो आणि वर थर्मामीटर भलतंच दाखवतो, मध्यावर बांधा. असो. वॉश दोन-तीन पॉइंट हलला आणि पुन्हा झोपला.

मग यीस्ट बदललं. थांबलेल्या वॉशमध्ये कोरडं यीस्ट वरून भुरभुरून काही होत नाही, ते आधी वेगळ्या बरणीत कोमट पाण्यात जागं करून, थोडा थोडा वॉश पाजत सवय लावून मग आत सोडायचं, तसं सगळं साग्रसंगीत केलं. ब्रेडचं यीस्टसुद्धा लावून पाहिलं, रमला ते उलट छान लागतं असं माझं मत आहे आणि ईसी-१११८ वाल्यांनी रागवू नका. तेही तिथेच थांबलं. मग खुराक: डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घातलं, थोडं यीस्ट उकळून मारून तेही घातलं. एक दिवस बुडबुडे, मग पुन्हा शांतता.

यानंतर मी गुळावर आले आणि इथे मात्र मला गुन्हेगार सापडलाच असं वाटलं होतं. पिवळाधमक गूळ दिसायला सुंदर, पण तो रंग यावा म्हणून गुऱ्हाळात रस उकळताना बऱ्याचदा हायड्रॉस टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. जुनी पद्धत रानभेंडीच्या चिकाने मळी काढायची, त्याचा गूळ गडद तांबूस होतो आणि म्हणून दुकानात मागे पडतो. हायड्रॉसचं गंधक गुळात थोडंफार राहतं आणि गंधक जास्त झालं तर यीस्टला ते आवडत नाही. इथल्या एका इंडियन ग्रोसरीतून मी जी ढेप आणत होते ती 'ऑरगॅनिक' म्हणून डबल किमतीत, आणि वॉशला सडक्या अंड्याचा वास! दुकानदाराला विचारलं तर म्हणे मॅडम गुळाला वास असतोच. ते दुकान मी सोडलं. दुसरीकडून गडद, जरा ओलसर, बोटाला चिकटणारा गूळ आणला, किंमत निम्मी, वास मस्त. आणि वॉश? १.०४०. दोन पॉइंटची प्रगती, टाळ्या.

पीएच (आकडा जितका कमी तितकं आंबट) मी बघत नव्हते असं नाही हं. कागदी पट्ट्या होत्या, दर वेळी बुडवत होते, दर वेळी साडेचारच्या घरातला रंग. पण गुळाचा वॉश मुळातच तपकिरी, पट्टी त्यात बुडवली की ती वॉशचाच रंग घेते, आणि चार्टवर तो रंग नेमका साडेचारच्या शेजारी बसतो! साखरेच्या पांढऱ्या वॉशला या पट्ट्या ठीक आहेत, गुळाला आणि मोलॅसिसला शून्य उपयोग. शेवटी डिजिटल मीटर घेतला. स्वस्तातला चालतो, फक्त वापरण्याआधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करा आणि टोक कोरडं पडू देऊ नका, स्टोरेज सोल्यूशनमध्येच ठेवा, साध्या पाण्यात नको. मीटर वॉशमध्ये घातला आणि आकडा आला ३.०. मला वाटलं मीटरच खराब आहे. बफरमध्ये घातला, ४.०. परत वॉशमध्ये, ३.०.

म्हणजे थंडी, यीस्ट, गूळ सगळे निर्दोष सुटले. डंडर मुळात आंबट, त्यामुळे वॉश सुरूच होत होता साडेचारच्या आसपास. यीस्ट वाढताना स्वतः आम्ल सोडतं. डीएपीमधला अमोनियम खाताना तर आणखी सोडतं, म्हणजे खुराक दिला की एक दिवस उत्साह आणि वर आणखी आंबटपणा. साडेतीनच्या खाली गेलं की यीस्ट आळसावतं, आणि डंडरमधली सेंद्रिय आम्लं तेवढ्या आंबट वॉशमध्ये त्याला जास्तच जाचतात. त्यात ऑकलंडचं पाणी कमी क्षाराचं, त्यामुळे आम्ल शोषून घेणारं त्यात फारसं काही नाही. ज्यांच्या रेसिपी वाचून आपण डंडर ओततो त्यातल्या बऱ्याच जणांच्या नळाला चुनखडीचं जड पाणी असणार, त्यांना हा त्रास होतच नसेल.

आता उपाय. सगळ्यात सोपं म्हणजे खायचा सोडा, पण तो मी मुद्दाम टाळला. एक तर चमचाभर जास्त पडला की पीएच भर्रकन वर जातो. दुसरं, वॉशमध्ये न वापरलेलं डीएपी शिल्लक असताना सोड्याने तो फार वर नेला तर उकळताना अमोनिया सुटतो, तो तांब्याला खातो आणि नळीतून निळं डिस्टिलेट बाहेर येतं. निळं आलं तर ते पिऊ नका, त्यात तांबं उतरलेलं असतं.

तर शिंपले. कॅल्शियम कार्बोनेटच ते, आणि त्याची गंमत अशी की वॉश आंबट झाला तरच ते विरघळतं, आंबटपणा कमी झाला की आपोआप मंदावतं, त्यामुळे जास्त घातले तरी सोड्यासारखा घात होत नाही. होमब्रूच्या दुकानात पिशवीत मिळतात म्हणे, पण मी सावंतवाडीची, मला शिंपले विकत घ्यायला कोणी सांगू नये. सुपरमार्केटमधून कॉकल्स आणले, म्हणजे आपल्या तिसऱ्यांची इथली चुलत बहीण, त्याचं सुकं केलं, ओलं खोबरं घालून, भाकरी पण केल्या. शिंपले घासूनपुसून पाण्यात उकळले, ओव्हनमध्ये वाळवले, फडक्यात घालून हातोडीने भरडले, मलमलच्या पुरचुंडीत बांधून दोऱ्याने फर्मेंटरमध्ये सोडले. भुगा पूड करू नका, पूड तळाला बसते आणि सायफन करताना बॉइलरमध्ये येते, मग तापणाऱ्या तळावर थर. पुरचुंडीभोवती लगेच बारीक बुडबुडे सुरू झाले, ते यीस्टचे नव्हते, शिंपल्यांमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड. संध्याकाळी ३.४, दुसऱ्या दिवशी ३.८, त्या रात्री जागं केलेलं यीस्ट सोडलं आणि पहाटे एअरलॉकचा आवाज बेडरूमपर्यंत. ४.१ च्या आसपास तो स्थिर राहिला आणि हायड्रोमीटर रोज खाली. १.०१२ च्या खाली हा जाणार नाही, गुळात न आंबणारं बरंच काही असतं, साखरेसारखं ०.९९० ची वाट बघू नका. हिशोबाने आठ टक्के आणि वर थोडं.

आईला फोनवर सांगितलं तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी काम झालं, तर ती म्हणे, "गो, तिकडे जाऊन भट्टी लावलंस?" आणि मग खरा प्रश्न, विषारी तर होणार नाही ना. हा प्रश्न सगळ्यांच्याच घरी येतो म्हणून लिहिते. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. मिथेनॉल आंबवताना तयार होतं ते मुख्यतः फळांच्या पेक्टिनपासून, गुळात-साखरेत ते नगण्य. फोरशॉट्स, म्हणजे रनचा अगदी पहिला भाग, मी टाकतेच, त्यात नेलपॉलिश रिमूव्हरचा वास असतो आणि तो कोणालाच नको. पण "पहिला भाग टाकला की मिथेनॉल गेलं" हे मात्र खरं नाही, ते थोडं थोडं पूर्ण रनभर येत राहतं. घरात खरी भीती आगीची. काचेच्या बरण्या, प्लास्टिक कुठेही नाही, अग्निशामक हाताशी, आणि रन चालू असताना स्टिल सोडून जायचं नाही, दारावर बेल वाजली तरी.

आजच्या रनबद्दल थोडं. बॉइलर तीन चतुर्थांशच भरला, गूळ भयंकर फेसाळतो, शिवाय तेलाचे दोन थेंब. कट्स, म्हणजे चांगला-वाईट भाग वेगळा करणं, वगैरे काही नाही, नुसतं ओढायचं. पाचेक लिटर लो वाइन्स (हा कच्चा अर्क) आल्या, एकत्र २८ टक्के. अल्कोहोलचे टक्के मोजणारा अल्कोमीटर २० डिग्रीला लावलेला असतो, गरम डिस्टिलेटमध्ये बुडवून उगाच खूश होऊ नका, आधी गार होऊ द्या. कोकणातल्या-गोव्यातल्या लोकांना एका वाक्यात: हा झाला उर्राक, फेणी अजून बाकी. सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला माहितीये, डोम उघडला तर आतून काळाकुट्ट. गंधक सगळं तांब्याने धरून ठेवलं होतं, लो वाइन्समध्ये सडक्या अंड्याचा मागमूस नाही! सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्याने डोम परत गुलाबी झाला. स्टीलच्या कंडेन्सरवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता पुढे. ठरलं होतं की डंडर या खेपेला बंदच करायचं, पण हे टाइप करता करता सुचलं की आंबटपणा डंडरमधूनच येतोय तर शिंपले वॉशमध्ये कशाला, डंडरमध्येच आधी टाकू. बादलीत रात्रभर डंडर आणि शिंपल्यांची पुरचुंडी, सकाळी पीएच पाच-साडेपाचला आला की मग गूळ. वॉशमध्ये नंतर काही लटकवायची गरजच राहायला नको. पुरचुंडी तरी एक आत ठेवेन म्हणा, यीस्टचं आम्ल आहेच. आणि डंडर पाव हिस्सा नाही, सहावा.

स्पिरिट रनसाठी, म्हणजे दुसऱ्या, पक्क्या डिस्टिलेशनसाठी, आधीच्या आणि आजच्या लो वाइन्स मिळून बॉइलर पुरेसा भरतोय, शनिवारी लावते. बरण्या २०० मिलीच्या, नंबर लावून, रात्रभर फडकं टाकून उघड्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नाकाने कट्स. रमला टेल्सचा (रनच्या शेवटी येतं ते) सुरुवातीचा भाग मी ठेवते, ओल्या पुठ्ठ्याचा वास यायच्या आधीचा, त्यात गूळ असतो. उरलेलं फेंट्स म्हणून पुढच्या रनला.

फेजोआची (इथे मिळणारं पेरूसारखं फळ) ब्रँडी काढायची असं मागे म्हटलं होतं, ती पुढच्या शरदावर, म्हणजे इथल्या एप्रिल-मेवर ढकलली. रस जास्त निघावा म्हणून पेक्टिनचं एन्झाइम घालायचा प्लॅन होता तोही रद्द, ते एन्झाइम पेक्टिन फोडताना मिथेनॉल सोडवतं, मग रस कमी निघाला तरी चालेल.

एक मदत हवीय. शिंपल्यांमुळे वॉशमध्ये जे कॅल्शियम उतरतं त्याचा टी५०० च्या तळावर थर बसतो का? आजच्या रननंतर तळाला पांढरट खरखरीत काहीतरी लागतंय, ते शिंपल्यांचं की गुळातल्या चुन्याचं कळत नाही, गुऱ्हाळात चुना घालतातच. व्हिनेगरने निघालं नाही, सायट्रिकने अर्धं निघालं. कोणी शिंपले सलग वापरले असतील तर सांगा, शनिवारच्या आत.