ऑइल गेलं कुठे?

कराडहून चिपळूणला माहेरी जायचा माझा रस्ता लग्नापासून एकच, कुंभार्ली घाटाचा. कुठल्या वळणावर धाकट्याला उलटी होणार हेसुद्धा पाठ आहे. यंदा गणपतीला निघालो आणि पाटण ओलांडल्यावर डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकायला लागला. गोलात उद्गारचिन्ह. ब्रेकचा. गंमत म्हणजे वळण आलं की पेटायचा, रस्ता सरळ झाला की विझायचा.

"हँडब्रेक अर्धवट राहिला असेल," नवरा म्हणाला. खटकन वर ओढून पुन्हा सोडला. फरक नाही. आणि हँडब्रेकचाच असता तर वळणांशी त्याचं काय वैर? मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या डोक्यात हा प्रकाश हेळवाक येईपर्यंत पडला नाही, हे लिहायला थोडी लाज वाटते. ब्रेक ऑइलच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. ऑइल टाकीवरच्या मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या, खुणेपर्यंत उतरलं की वळणावर ते एका बाजूला धावतं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. म्हणजे ऑइल कमी झालंय.

पण ते तर जूनमध्येच भरलं होतं! तेव्हाही असाच दिवा लागला होता. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बाटली उपडी केली, पाच मिनिटांत झाकण बंद. "काही नाही ताई, आटलं होतं थोडं." मीही "बरं" म्हणून पैसे दिले.

ब्रेक ऑइल आटत नाही हो. ते काही इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पातळी खाली येते ती दोनच कारणांनी. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजतात तसा त्यांना दाबणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. हे महिनोन् महिने, हळूहळू होतं. अशा वेळी वरून ऑइल ओतलं तर पॅड झिजल्याची खूणच पुसली जाते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच जास्तीचं ऑइल टाकीतून उतू जातं आणि सांडेल तिथला रंग खातं. दुसरं कारण गळती. दोन महिन्यांत मॅक्सपासून मिनच्या खाली म्हणजे पॅड नव्हेत, हे उघड होतं.

घाट सुरू व्हायच्या आधी एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली आणि मामाला फोन लावला. मामा एसटीत चालक होता, नोकरीची बरीच वर्षं याच घाटात गेली.

"पेडल कसं लागतंय गो?"

"नेहमीसारखं."

"इंजिन चालू ठेव, पेडल दाबून धर नि तीस आकडे मोज. खाली जातंय काय बघ."

मोजले. पेडल जिथल्या तिथे. मला हायसं वाटलं, त्याला नाही. "तरी उतरायचं नाय. गाडी थंयच ठेव नि एसटीने ये."

तो बरोबर होता. गळती बारीक असली तर टाकीतलं ऑइल संपेपर्यंत पेडल शहाण्यासारखं वागतं. सपाट रस्त्यावर मी कदाचित हळूहळू गेलेही असते. पण सामानाने भरलेली गाडी, पाऊस आणि पोफळीपर्यंतचा उतार!

गळती कुठे हे मात्र मला बघायचंच होतं. पावसात चारही चाकं ओली, डोळ्यांना काय कळणार? मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर तिथला ओलेपणा बुळबुळीत लागला. तो टिश्यूने पुसला आणि टपरीवरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. ग्रीस किंवा इंजिन ऑइल असतं तर पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला असता. काहीच तरंगलं नाही, सगळं विरघळून गेलं. नेहमीचं डॉट ३, डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. टपरीवाले काका आधी माझ्याकडे आणि मग ग्लासाकडे बघत होते. ग्लासाचे पैसे देऊन तो फेकून दिला; ते ऑइल विषारी असतं.

गाडी तशीच हळूहळू कोयनानगरच्या एका गॅरेजात नेऊन ठेवली आणि नारळ, पातेली, पोरं असे एसटीने उतरलो. नवरा चिपळूणपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पाच दिवसांनी परत आलो तर मिस्त्रींनी त्या मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम माझ्यासाठी मुद्दाम उघडा ठेवला होता. ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर चिरलेलं, ऑइल झिरपून ड्रमला घासणारा लायनर चिंब, आणि ब्रेकच्या भुकटीचा काळा चिखल झालेला. तेलकट लायनर घासून पुसून पुन्हा बसवायचा नसतो. आणि एकाच चाकाचा बदलला तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, म्हणून दोन्हीकडचे नवे घातले. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. मी आत बसून पेडलवर, ते चाकापाशी. "दाबा. धरा. सोडा." पारदर्शक नळीतून बाटलीत येणारं ऑइल आधी काळ्या चहासारखं, त्यात बुडबुडे, आणि मग एकदम फिकट पिवळं. ते बघायला मला फार आवडलं.

जुनं ऑइल मी कधी बदललंच नव्हतं. ते हवेतला ओलावा शोषतं. कोरं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा भरला की तीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. पॅड तापून निकामी होतात तेव्हा उलटं होतं, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. दोन्हींवर मामाचा उपाय एकच, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांबद्दल तो जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा पेडल मारल्यावर पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरची मदत संपते आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो, एवढं सांगते.

(पिवळा एबीएसचा दिवा ही वेगळी भानगड. एकटा तोच लागला तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाक जाम होणं टळत नाही. आमच्याकडे गेल्या वर्षी उंदराने चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडली होती. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर मात्र गाडी बाजूला घ्यायची.)

घरी आल्यावर टाकीवर मार्करने पातळीची रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. महिना झाला, रेघ आणि ऑइल एकत्रच आहेत. परवा टायरमध्ये हवा भरायला जूनच्याच गॅरेजात गेले होते. त्या पोराने सवयीने बॉनेट उघडलं, टाकीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, मॅक्सपेक्षा थोडं खाली आहे, टाकू का?"

म्हटलं, "हवा भर."