बुधवारची बाग

राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते. हे ज्ञान मला 1981 साली, वयाच्या सातव्या वर्षी, बंद फाटकाच्या गजांत नाक खुपसून झालं. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या दिवशी गिरणीत खाडा केला होता. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. आम्ही चार भावंडं, अंगावर दिवाळीचे कपडे, आणि वॉचमन म्हणतोय, "आज बंद. उद्या या." धाकट्याने तिथेच भोकाड पसरलं. दादा थोडा वेळ वॉचमनकडे बघत राहिले, थोडा वेळ आमच्याकडे. मग कोपऱ्यावरून चण्याच्या चार पुड्या घेतल्या आणि आम्हाला चालवत माझगावला नेलं, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वरच्या टेकडीवर. तिथेही एक बाग होती. प्राणी एकही नव्हता, पण तिकीटही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात दोन बागा झाल्या. एक राणीची, एक बुधवारची.

गेल्या महिन्यात या दोन्ही बागा एका दिवसात केल्या. निमित्त भाच्याचं. वय वर्षं सहा, राहणार डोंबिवली, आणि आयुष्यातलं एकमेव ध्येय पेंग्विन. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवार ठरवला. निघताना आई म्हणाली, "मी पण येते गो." मी चमकलेच. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. आणि मुळात आई बागेत कधी येतच नसे. लहानपणी आम्ही दादांबरोबर निघालो की ती दारात उभी राहून म्हणायची, "जा तुम्ही, मला घरात काम आहे."

भायखळ्याला पूर्वेला उतरलो. आईला रिक्षाची सवय झालेली, पण शहरात रिक्षा नाही हे ती विसरली होती. टॅक्सीवाला एवढ्याशा अंतराला तयार होईना. शेवटी एक तयार झाला, तेही आईचे गुडघे बघून.

बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 1862 साली भायखळ्याला सुरू झाली तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन्स. आम्ही घोडपदेवची माणसं दोन्ही नावं घेत नाही, राणीची बाग म्हणतो. कुठली राणी, हे लहानपणी मी दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, "होती एक. गेली." एवढ्यात दीडशे वर्षांचा इतिहास उरकला.

पेंग्विनबद्दल मी फार लिहिणार नाही. हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, 2016 साली दक्षिण कोरियातून मुंबईत आलेले. लांब रांग, थंडगार खोली, काच, काचेला चिकटलेली पन्नास नाकं आणि मागून "पुढे चला, पुढे चला". भाचा तीन मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "झालं?" मला एकदम बंद फाटकासमोर उभी असलेली मी आठवले. त्याच्यासाठी फाटक उघडं होतं, तरी चेहरा तोच.

माझ्या मते या बागेत बघायची ती झाडं. लोक पिंजऱ्याकडे धावतात आणि वाटेत डोक्यावर काय आहे ते बघत नाहीत. आम्ही कैलाशपतीखाली थांबलो, म्हणजे आईच थांबली. या झाडाची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत. थेट खोडातून दोरखंडासारखे देठ लोंबतात आणि त्यांना फुलं लागतात. एक फूल खाली पडलं होतं ते आईने उचललं. जाड, मांसल पाकळ्या, आतून गुलाबी, बाहेरून पिवळसर. मध्ये पिंडीसारखा गोळा आणि त्यावर वाकलेला केसरांचा फणा. आईने ते आधी डोळ्यांना लावलं, मग नाकाला. वास इतका दाट की बाजूला उभ्या असलेल्या मलाही आला. फळं तोफगोळ्याएवढी, तपकिरी. भाच्याला सांगितलं की फुटलं की घाण वास सुटतो, तेव्हा तो पहिल्यांदा झाडाकडे नीट बघायला लागला. पुढचा अर्धा तास एखादं फळ पडावं म्हणून त्याने वाट बघितली. पेंग्विनला तीन मिनिटं, न पडलेल्या फळाला अर्धा तास.

काळा घोडाही इथेच असतो. फोर्टात ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली तिथून हलवून या बागेत आणला. आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यामुळेच बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना फुटला, तुकडे जोडून इथे उभा केला. थोडक्यात, ज्यांची सोय दुसरीकडे लागली नाही अशांची ही बाग. आम्हीही लहानपणी त्यांतलेच.

हे सांगायचं तर खोली सांगावी लागेल. घोडपदेवच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. आई, दादा, आम्ही चौघं आणि गावाहून आलेले दोन काका, तेही गिरणीत. एकाची रात्रपाळी, म्हणून तो दिवसा झोपायचा. त्यामुळे खोलीत दिवसाही रात्र असायची. खेळलात तर ओरडा, भांडलात तर फटका. बागेत नेणं ही हौस नव्हती. आम्हाला ठेवायचं कुठे हा प्रश्न होता.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन्ही काका काही महिन्यांत गावाला गेले, कारण इथे बसून खायचं काय. दादा राहिले. आणि संपाच्या काळात आम्ही जेवढं बागेत गेलो तेवढं ना आधी, ना नंतर. रोज संध्याकाळी, बुधवार असो की नसो, बुधवारच्याच बागेत. राणीच्या बागेला तिकीट होतं. चणे नंतर बंद झाले. घरून पोहे नाहीतर कोरड्या चपातीचा रोल. दादा बाकावर बसायचे, इतर बाकांवरही संपावरचीच माणसं. एकमेकांना "काय म्हणतात?" विचारायची. कोण काय म्हणतं, ते मला तेव्हा कळत नसे. आम्ही घसरगुंडीवरून खालून वर चढायचो.

मोठं झाल्यावर बागा बदलल्या. चोविसाव्या वर्षी हँगिंग गार्डन, आता जो नवरा आहे त्याच्याबरोबर. झुडपं कापून केलेले हत्ती-घोडे आणि त्यांच्या आडोशाला प्रत्येकी एक जोडपं. समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, शाळेच्या सहलीत ज्याच्यात घुसायला आम्ही मारामारी केली होती. हँगिंग गार्डनच्या पोटात पाण्याची टाकी आहे. पलीकडे पारशांचा दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची जागा, असल्याने गिधाडांनी पाण्यात काही टाकू नये म्हणून वर बाग केली, असं सांगतात. हे आम्हाला एका वॉचमनने सांगितलं, शिट्टी मारून उठवल्यानंतर. लग्नाआधी आम्ही दोघं एकटे असे बागेतच असायचो. त्याच्या घरी नऊ माणसं, माझ्याकडे सहा.

नोकरी फोर्टात लागली तेव्हा हॉर्निमन सर्कलची बाग. दुपारी डबा घेऊन कडेच्या बाकावर. कोणी पेपर तोंडावर घेऊन झोपलेलं, कोणी इंटरव्ह्यूच्या आधी ओठ हलवत उत्तरं पाठ करतंय. त्या अर्ध्या तासात मी कोणाशी बोलायचे नाही. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं मला शिष्टपणा आहे. असेल.

तर दुपारी दोनला आम्ही राणीच्या बागेतून निघालो. मी म्हटलं, आई, थकलीस तर घरी जाऊ. ती म्हणाली, "ती दुसरी कुठे आहे? तुमची ती." मला आधी कळलंच नाही. "बुधवारची?" "हां, तीच. मी बघितली नाही कधी."

घरापासून वीस मिनिटांवरची बाग. चाळीस वर्षं त्या चाळीत काढली, आणि बघितली नाही.

टॅक्सीवाल्याला "जोसेफ बाप्टिस्टा गार्डन" सांगितलं तर त्याने मान हलवली. "डॉकयार्ड रोड, वर टेकडीवर, टाकीवरची बाग" म्हटल्यावर निघाला. हीसुद्धा टाकीवरचीच, भंडारवाड्याच्या. पूर्वी या टेकडीवर माझगावचा किल्ला होता, मग एकोणिसाव्या शतकात पाण्याची टाकी झाली. नाव काका बाप्टिस्टांचं. माझगावच्याच माथारपाखाडीचे बॅरिस्टर, टिळकांचे सहकारी, 1925 साली मुंबईचे महापौर. 1920 मध्ये आयटक ही कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांतही ते होते. म्हणजे आमचे दादा दीड वर्ष संपकऱ्यांबरोबर ज्या बाकावर बसले, ती बाग एका कामगार पुढाऱ्याच्या नावाची. दादांना ते ठाऊक असेल का? नावाच्या पाटीकडे बोट दाखवून त्यांनी कधी काही सांगितलं नाही, एवढं नक्की.

आईला वर न्यायला वेळ लागला. दहा पावलं, थांबा, दहा पावलं. वर आलो आणि वारा लागला. समोर बंदर. गोदीतल्या क्रेन, राखाडी जहाजं, पलीकडे धुरकट पाणी. खाली हार्बरची लोकल डॉकयार्ड रोडला शिरत होती, वरून खेळण्यातली वाटावी अशी. भाचा कठड्याला लागला तो लागलाच. गाडी आली की ओरडायचा, गेली की पुढची.

आईला मी दादांचा बाक दाखवला. तोच होता असं नाही, बाक बदललेत, पण जागा तीच. ती बसली. पदराने तोंड पुसलं.

"तू का यायची नाहीस गं?" मी विचारलं. "एवढं काय काम असायचं?"

"काम कसलं," आई म्हणाली. "तुम्ही गेलात की मला खोली मिळायची."

मी गप्प.

"भावोजी गावाला गेलेले. तुम्ही सगळे इथे. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा खोलीत मी एकटी. दार लोटून घ्यायची, भिंतीला पाठ लावायची आणि पाय लांब करून बसायची. माझे पाय समोरच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मांडी घालूनच बसत होते ना मी."

"मग काय करायचीस?"

"काही नाही. संप चालू, घरात डाळ नाही, आणि मी बसलेय पाय पसरून. कोणाला सांगणार?" ती हसली. "हे लवकर परत येतो म्हणायचे तर मी म्हणायची, पोरांना अजून खेळू द्या."

दादा गेल्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांना हे कळलं होतं का, तेही विचारलं. आई म्हणाली, "न कळायला काय झालं? जिन्यात खोकायचे ते. वर यायच्या आधी."

खाली आणखी एक गाडी आली. आईने चपला काढल्या, बाकावर थोडी मागे सरकली आणि दोन्ही पाय समोर लांब केले. गुडघ्यातून कट्ट आवाज आला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने बाजूला ठेवली. भाचा कठड्यावरून "आत्या, इकडे ये" म्हणून ओरडत होता.

"जा," आई म्हणाली. "तुम्ही जरा फिरून या."

तिच्याकडे येताना लांबूनच खोकायचं, हे मी ठरवून टाकलं.