निरोप समारंभ, ग्रुपवरचा

ऑफिसमधल्या एक ज्येष्ठ सहकारी आज निवृत्त झाल्या. सकाळपासून ग्रुपवर निरोपांचा पूर. सगळे लांबलचक, शुद्धलेखन चोख, आणि जवळपास प्रत्येकात 'आपला प्रवास प्रेरणादायी आहे'. जो गडी एरवी 'ओके'च्या पलीकडे टाइप करत नाही, त्यानेही तीन परिच्छेद पाठवले! चॅटबॉटकडून लिहून घेतलंय हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण? मॅडम प्रत्येकाला हात जोडलेला इमोजी टाकत होत्या. व्हॉइस नोट मात्र एकाच मेसेजला आली, पोटभर हसतानाची. तो मेसेज होता, 'मॅडम, एक्सेल हँग झाल्यावर माझ्या शिव्या आता कोण ऐकणार?'

माझा यंत्रावर राग नाही. लिहायची धास्ती असणाऱ्याला नीट अर्ज लिहून मिळतो, हे थोडं नाही. आणि यंत्रापाशी मन मोकळं करणंही जुनंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली 'एलायझा' हा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो बऱ्याचदा आपलंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, बस. तरी त्याच्याशी बोलताना त्यांच्या सेक्रेटरीने खुद्द वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. (स्वतःच बनवलेल्या प्रोग्रामपायी!)

तेव्हा निदान माणूस थेट यंत्राशी बोलत होता. आता एक जण चार शब्दांचं पानभर करून घेतो, आणि वाचणारा त्या पानाचा सारांश चॅटबॉटलाच मागतो. मग ते चार शब्दच पाठवा की!