इस्त्री आणि रावेल
आज दुपारी इस्त्री करता करता फ्रेंच संगीतकार रावेलचं 'तोंबो द कुपरँ' लावलं होतं, सहा तुकडे, नुसता पियानो. चौथा तुकडा रिगोदाँ, म्हणजे एक जुना फ्रेंच नाच, इतका उड्या मारणारा की पायाने आपोआप ठेका धरला. मग सहज त्याबद्दल वाचायला घेतलं तर काय, सगळे तुकडे पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांच्या नावाने, आणि हा नाचरा रिगोदाँ तर दोन सख्ख्या भावांसाठी, १९१४ मध्ये एकाच तोफगोळ्यात गेले दोघं. शेवटचा तुकडा, तोकाता, ज्याच्या नावाने आहे त्याच्या बायकोनेच, मार्गरीत लाँगने, १९१९ ला पॅरिसमध्ये हे सगळं पहिल्यांदा वाजवलं. कशी चालली असतील बाईंची बोटं तेव्हा? मोठ्याने रडणं कुठेच नाहीये यात, तेच जास्त लागतं यार. शर्टाची कॉलर मात्र करपली.