लेथ नंतर, धार आधी

घरात लाकूड कातायची खोली लावतेय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेथ कोणता घेतलास?" मी त्याला उलट विचारते, "धार कशावर लावायची ते ठरलंय का?" हे वर्ष-दीड वर्ष ज्या क्रमाने गेलं, त्यात लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणारं यंत्र, विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग होता. म्हणून तो आधी उरकते.

१२ इंची स्विंगचा लेथ म्हणजे त्याच्यावर जास्तीत जास्त १२ इंच व्यासाची वस्तू फिरते; स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून खालच्या बेडपर्यंतचं, म्हणजे यंत्राच्या आडव्या पाटापर्यंतचं, अंतर त्याच्या निम्मं. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, धरणारा आधारही त्याच जागेतून सरकवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच धरायचं. मी टेबलावर बसणारा मध्यम लेथ घेतला आणि दोन गोष्टींवर अडून बसले. स्पिंडलचे आटे सर्रास मिळणाऱ्या मापाचे हवेत, म्हणजे चक आणि फेसप्लेट ही लाकूड पकडायची साधनं पुढे कोणाकडूनही घेता येतात. आणि वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या खाली उतरला पाहिजे. वरचा वेग किती, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. कामाला खालचाच येतो.

उंचीचा हिशोब असा: लेथसमोर ताठ उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपर स्पिंडलच्या मध्याच्या पातळीत यायला हवं. तयार स्टँड माझ्यासाठी उंच होता, म्हणून पायाखाली फळ्यांचा चौथरा केला. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या गोणी ठेवल्या, कारण वाकडातिकडा ओंडका फिरायला लागला की हलका लेथ जागेवर थांबत नाही. दोन पायांमध्ये घट्ट आडवी फळी ठोकल्यावर थरथर आणखी कमी झाली. लेथ भिंतीला चिकटवून ठेवला नाही. आतून कोरताना हत्याराची लांब मूठ डावी-उजवीकडे फिरते, तिला मोकळी जागा लागते.

उजेडाचा विचार मी आधी केलाच नव्हता, काकांनी सांगितला. ज्यांच्याकडे मी हात बसवायला जायचे ते काका, आयुष्यभर कातकाम केलेले. ते म्हणाले, "अगं, छतावरचा दिवा तुझ्यासाठी, बाजूचा दिवा लाकडासाठी." बाजूने तिरका पडणारा उजेड असला की पृष्ठभागावरची प्रत्येक लाट आणि ओरखडा सावली टाकतो, वरच्या उजेडात तेच लाकूड गुळगुळीत दिसतं. शिवाय जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरती वस्तू कधी कधी थांबल्यासारखी भासते. विजेच्या ठरावीक लयीत दिवा लुकलुकतो आणि ती लय फेऱ्यांशी जुळली की डोळा फसतो. लेथपाशी तसला दिवा नको.

आता धार. दोन महागड्या पटाश्या आणि एक बरा ग्राइंडर, की पटाश्यांचा मोठा संच आणि धारेचं नंतर बघू? माझं मत पहिल्या बाजूचं आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. सुताराची रंध्याची पात किंवा सपाट पटाशी एकदा धार लावली की बराच वेळ चालते. लेथवर मात्र लाकूडच पात्यासमोरून सतत पळत असतं. काही मिनिटांत पात्याखालून कित्येक मीटर लाकूड जातं. कठीण लाकडावर तर चित्रकार पेन्सिलीला टोक करतो तितक्या सहज आणि तितक्या वेळा ग्राइंडरकडे वळावं लागतं. म्हणून ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर ठेवला. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असता तर बोथट पात्यानेच 'अजून एक फेर' काढला असता, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

८ इंची, कमी वेगाचा ग्राइंडर आणि ८० ग्रिटचा पांढरा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक), एवढ्यावर माझं भागतं. पाती हायस्पीड स्टीलची आहेत. साधं कार्बन पोलाद ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचा कणखरपणा जातो आणि तेवढा भाग घासून टाकावा लागतो. हायस्पीड स्टील त्याहून कितीतरी जास्त उष्णता पचवतं. पण खरा प्रश्न कोनाचा. वाडगा कोरायच्या गाउजला, म्हणजे खोलगट पात्याच्या पटाशीला, साधारण ५५ अंश, बारीक दांडे कातायच्या गाउजला ४० च्या आसपास. तो अमुकच असावा याला फार महत्त्व नाही. दर वेळी तोच यावा याला आहे. कोन बदलला की दर खेपेला नवा उतार, म्हणजे धारेमागची तिरकी बाजू, घासत बसायचं, पोलादही जातं आणि वेळही. त्यासाठी पातं धरणारा जिग आहे. उतारावर मार्कर पेनने रंग द्यायचा, दगडाला हलकेच टेकवून हाताने एक फेरी फिरवायची आणि रंग कुठला गेला ते बघायचं. टोकापासून मागपर्यंत सारखा गेला तर कोन जुळला. मगच मोटर चालू करायची.

शिकणं दांड्यांपासून सुरू झालं. लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात तेव्हा नियम एकच, जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत जायचं. तसं केलं की प्रत्येक तंतूला त्याच्या शेजारचा खालून आधार देतो. काकांची शिकवणी मूठभर शब्दांची: "आधी पातं रेस्टवर टेकव. मग उतार लाकडावर घासू दे, काही कापू नकोस. मग मूठ हळूच उचल." मूठ उचलता उचलता एका क्षणी भुशाऐवजी लांब कुरळी ढलपी सुटायला लागते. उतार टेकलेला असेपर्यंत धार खोल घुसू शकत नाही. तो सुटला की पातं लाकडात रुततं आणि हाताला सणसणीत झटका बसतो. तिरक्या पटाशीने हे सगळ्यात लवकर शिकवलं, कारण ती माफ करत नाही. तिच्या लांब टोकाजवळच्या भागाने कापायला गेलं की झटका ठरलेलाच, म्हणून पात्याच्या मधल्या आणि खालच्या भागाने कापायचं.

वाडग्यात हिशोब उलटतो. तिथे तंतू अक्षाला आडवे असतात, त्यामुळे एका फेरीत पात्यासमोर दोनदा कडेचे तंतू आणि दोनदा तंतूंची उघडी टोकं येतात. बाहेरून कापताना बुडापासून काठाकडे, आतून काठापासून मध्याकडे. रफिंग गाउज, म्हणजे दांड्याचा ओबडधोबड ठोकळा गोल करायची मोठी गाउज, मात्र वाडग्याला कधी लावायची नाही. तिच्या पात्याचा मुठीत जाणारा भाग अरुंद असतो आणि तो झटक्याने मोडू शकतो. हे काकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

वेगाबद्दल एक जुना अंदाज मी वापरते. इंचातला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, उत्तर ६००० ते ९००० मध्ये. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा चढवला की त्याहूनही खाली. १० इंची वाडगा ९०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने जात असतो. तो सुटला तर काय, याचं उत्तर पूर्ण चेहरा झाकणाऱ्या शील्डमध्ये आहे, नुसत्या चष्म्यात नाही. चालू करताना मी ओंडक्याच्या रेषेतून बाजूला उभी राहते. हातमोजे नाहीत, सैल बाह्या नाहीत, केस बांधलेले.

लाकूड ओलं मिळालं तर मी खूश असते. ते मऊ कापतं, धूळ उडत नाही. पण सुकताना ते सगळीकडे सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणून गाभ्याचा मध्य तसाच ठेवला तर तिथून चीर जाते. तो मधोमध चिरून बाजूला काढायचा. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण फासायचं, कारण पाणी तिथूनच सगळ्यात वेगाने निघतं. वाडगा आधी जाडसर कातून ठेवते, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. मग कागदी पिशवीत, त्याच्याच ढलप्यांमध्ये. पिशवीवर वजन आणि तारीख. दर आठवड्याला तराजूवर ठेवायचा, वजन उतरायचं थांबलं की तो सुकला. तोवर तो लंबगोल झालेला असतो; जाडी ठेवलेली असते ती त्याला पुन्हा गोल कातायला.

धुळीची बाजू मला सगळ्यात कमी आवडते. ढलप्या जमिनीवर पडतात, झाडून काढता येतात. काचपेपर लावताना उडते ती बारीक धूळ दिसत नाही आणि तास तास हवेत तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली. म्हणून काचपेपर हातात घेण्याआधी मास्क, तोही चेहऱ्याला फटी न सोडता बसणारा, आणि धूळ ओढणारी नळी वस्तूच्या अगदी मागे. धार चांगली असेल तर १८० ग्रिटच्या काचपेपरपासून सुरुवात करता येते. बोथट पात्याने कातलेलं लाकूड ८० ने घासावं लागतं आणि चौपट धूळ खावी लागते. म्हणजे इथेही हिशोब ग्राइंडरपाशीच येऊन थांबतो.

शेवटचा हात अळशीच्या तेलाचा. तेलाने भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकायचा नाही. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती साठते आणि तो आपोआप पेटू शकतो. मी फडकं पाण्यात बुडवते, नाहीतर बाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवते.

बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची विजेची करवत, अजून घेतलेला नाही. गोल ठोकळे काढायला तो बरा, पण हातकरवतीने चारही कोपरे उडवून अष्टकोन केला तरी लेथ तो मुकाट्याने फिरवतो. पुढचा खर्च धूळ ओढणाऱ्या मोठ्या यंत्रावर होईल, आणि त्याला वेगळ्या सर्किटची वायर ओढायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे.