पाळण्याखालचा संसार

पोटासाठी मी लग्नाचे फोटो काढतो. हौस मात्र वेगळी: लोक मजा करायला जिथं येतात, तिथल्या रोजच्या जगण्याचे फोटो. हे खूळ पुतण्याकडं फ्लोरिडाला गेलो तेव्हा डोक्यात शिरलं. तिथं डिस्नेचं मॅजिक किंगडम आहे, १९७१ साली उघडलेलं. राजवाडा, मिरवणूक, सगळं देखणं. मला हवा होता डबा खात बसलेला कामगार, आणि तोच कुठं दिसेना. दिसणार कसा? कामगारांची ये-जा, कपडे बदलणं, जेवण, कचरा, सगळं पार्कच्या पायाखालच्या बोगद्यांतून चालतं. तिथं जमिनीत पाणी फार वर लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले आणि पार्क त्यांच्यावर चढवलं. पैसे मोजून सहल घेतली नाही, तर पाहुण्यांना खाली मज्जाव. शेवटी मी रांगेतली माणसं टिपली. खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन उभा असलेला बाप तिथंही आपल्यासारखाच अवघडून उभा राहतो.

गावी आल्यावर वाटलं, आपल्याकडं तर हे सगळं उघड्यावर आहे. नांदेडच्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. कॅमेरेवाले धावतात घोड्यांच्या बाजाराकडं, लाल कंधारी वळूंकडं, लावणीच्या फडाकडं. मी पाळण्यांच्या मैदानात थांबलो.

यात्रा सुरू व्हायच्या आधी जायचं, हे पहिलं. ट्रकमधून लोखंड उतरतं, पोरं नटबोल्ट आवळत वर चढतात आणि खाली बायकांनी तीन दगडांची चूल मांडलेली असते. तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, चहा प्यायचा. पाळण्याच्या मालकाची परवानगी मिळाली म्हणजे झालं असं नसतं. चुलीपाशी बसलेल्या बाईची वेगळी घ्यावी लागते.

"आमचे फोटू काढून काय करलालाव ओ?" एका मावशीनं विचारलं.

"तुम्हालाच आणून देतो, मावशी."

नांदेडहून प्रिंट काढून आणल्या, वाटल्या. मग पाळण्याखालच्या पालात मला कुणी अडवलं नाही. झोळीतलं लेकरू, पाळण्याच्याच दांड्यावर वाळत घातलेली लुगडी, तिकिटाच्या गल्ल्याशेजारी गृहपाठ करणारी पोरगी, सगळं मिळालं.

रात्री खरी कसोटी लागते ती दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. दर फेऱ्याला दोनदा, असे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं की फोटोत काळे पट्टे हमखास. १/५० किंवा १/१०० ला पट्टे जातात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथं १/६० किंवा १/१२५ धरायचं. यात्रेत सगळं जनरेटरवर. लोड वाढला की तो दमतो आणि हिशोब चुकतो. एक फोटो काढून पडद्यावर बघायचा, मगच पुढं. फिरता पाळणा दाखवायचा तर कॅमेरा पेटीवर टेकवून शटर सेकंदभर उघडं ठेवायचं. पाळणा उजेडाचं चक्र होतो आणि खाली हालचाल न करता बसलेला तिकीटवाला स्पष्ट येतो. स्टँड गर्दीत लावूच नये, कुणीतरी अडखळून पडतं.

मौत का कुआँमध्ये सगळे मोटारसायकलवाल्याचा फोटो काढतात. समोरच्या काठावरचे चेहरे टिपा. दहाची नोट पुढं धरलेला हात, तोंडावर पदर दाबलेली आजी, तिच्या आडून बघणारा नातू. गाडी फक्त पुसट रेघ आली तरी बिघडत नाही.

१८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरनं उभा केलेला पाळणा २६४ फूट उंच होता, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. आमच्या पाळण्याच्या मालकाला हे सांगितलं तर म्हणाला, "एवढा ट्रकात कसा बसायचा?" धंद्याच्या माणसाचा सवाल.

त्याला माझे चुलीचे, लुगड्यांचे फोटो काही आवडले नाहीत. बॅनरसाठी पूर्ण पाळणा पाहिजे होता, सगळे दिवे लागलेला आणि वर नाव दिसणारा. दोन दिवे गेलेले होते, ते त्यानं आधी बदलून घेतले. मग काढून दिला. त्याच्या बायकोनं मात्र चुलीचा फोटो पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला आणि वर मला दटावलं, "पुढल्या वर्षी सांगून या, चांगलं लुगडं नेसते."